कागद हूं म्हणत नाही

बारामती,
१० जून २०२५

तीर्थरूप आत्या,

पाया पडायला तू समोर नाहीस, म्हणून कागदावरच डोकं टेकवलं असं समज.

गोष्ट परत आली. पुण्याच्या त्या दिवाळी अंकाच्या संपादक बाईंनी सोबत दोनच ओळी लिहिल्यात. ‘तुम्ही लिहिता छान, पण तुमची गोष्ट चौथ्या पानावर सुरू होते. आधीची तीन पानं तुम्ही दारात चपलाच काढताय.’ वाचून आधी रडू आलं, मग हसू आलं. नंतर गोष्ट काढून बघितली तर बाई खरंच बोलत होत्या. पहिल्या तीन पानांत मी नुसतं गाव, शिवार, घराची पडवी आणि पडवीतली खाट हेच सांगत बसले होते. खाटेवर माणूस यायला चौथं पान उजाडलं.

तरी लिहिणं सुटत नाही बघ. कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली की मांडीवर पॅड घेऊन बसते. परवा एक वाक्य सापडलं. ‘बाईनं बोलता बोलता पाटाचं पाणी दुसऱ्या सरीत वळवलं, आणि बोलणंही.’ मला एवढा आनंद झाला की शेजारच्या बाईला वाचूनच दाखवलं. ती म्हणाली, ‘मग पहिली सरी भिजली होती का?’ मी दिवसभर एकटीच हसत होते. आत्या, एक वाक्य मनासारखं जमलं की डब्यातली भाजीसुद्धा गोड लागते. आणि नाही जमलं की आमचा नवरोबा संदेश म्हणतो, आज घरात कुणी बोलायचं नाही, लेखिकेचं बिनसलंय.

मे महिन्यात तुझ्याकडं बावड्याला यायचो तेव्हाचं आठवतं का? लिंबाखाली कांदा निवडत तू गोष्ट सांगायचीस आणि आम्ही पोरांनी हूं म्हणायचं. कुणाचा हूं चुकला की तू तोंड मिटायचीस, ते संध्याकाळपर्यंत. तेव्हा राग यायचा. आता कळतं, तो हूं किती मोलाचा होता. मी लिहिते, पण कागद हूं म्हणत नाही. वाचणारा जागा आहे का पेंगतोय, काही म्हणजे काही कळत नाही. तूच सांग, गोष्ट सुरू कशी करायची?

संदेश मला हसतो. बावडा काय अमेरिकेत आहे का म्हणतो, पत्रं कसली लिहितेस. मी म्हटलं, माझी आत्या फोनला हात लावत नाही, आणि का लावत नाही ते तुला ठाऊक आहे. तेव्हा स्वतःच पाकीट आणून दिलं.

काटेवाडीला तात्या बरे आहेत. माझ्या वडिलांविषयी एवढंच लिहिते. पुढं लिहिलं तर तुझा भाऊ असूनही तू पत्र मिटून ठेवतेस.

तुझी,
स्वरूपा


बावडा,
१७ जून

चि. स्वरूपास,

तुझं टेकवलेलं डोकं हितं पावलं. आशीर्वाद घे आन् आता ताठ बस.

ती संपादक बाई शानी हाय. तिला माझा रामराम सांग. अगं, ‘आटपाट नगर हुतं’ म्हणलं की पोरं पेंगायची, ही गत म्या कितींदा बघितली. म्हणून म्या एकदम म्हणायची, ‘वाघ घरात शिरला.’ मंग कुणाचं घर, कुठला वाघ, आत कोण हुतं, ते पोरंच इचारायची. तू पयल्या ओळीत वाघ आत घे. दार मागनं लावता येतं. आन् खरं वाटलं पायजे, पोरी. इतकं खरं, की ऐकणारं माणूस बसल्या जागचं उठून उभं ऱ्हायलं पायजे. तसं झालं की समज, गोष्ट जमली.

लांबण लावू नगंस. एकच गोष्ट सांग. तुला लई आवडतं ते पयलं काढून टाक, कारण ते तू तुझ्यासाठी घातलेलं असतंय. आन् एखादं भूत घाल. भूत असलं की लोक ऐकत्यात. न्हाय घालायचं तर नगं घालूस, माझं आपलं एक म्हणणं.

माझ्या गोष्टीला पयला हूं कुणी दिला ठाव हाय का तुला? तुझ्या बापानं. काटेवाडीत आमी दोघं म्हशी घिऊन कॅनॉलकडं जायचो. मी सांगायची आन् दत्तू मागनं हूं हूं करत यायचा. मधीच म्हणायचा, ‘आक्का, खोटं हाय समदं.’ मी गप बसले की लगीच म्हणायचा, ‘पुढं?’ असा हुता.

त्योच दत्तू, आन् त्यानं सख्ख्या भनीला लेकीच्या लग्नाचं आवतान मोबाइलवर धाडावं? अक्षता घिऊन दारात यायला त्याच्या पायात काटे मोडले हुते का? राजनंदिनीनं, माझ्या सुनंनं, मला मोबाइलवर पत्रिकेचा फोटो दावला, ‘आत्याबाई, मामांकडनं आलंय’ म्हणली. तवापासनं म्या त्या डबड्याला हात लावला न्हाय. तुझ्या डोक्यावर अक्षता टाकायच्या ऱ्हायल्या, ते अजून सलतंय. पर मी बिनआवतनाची जायची न्हाय. त्याचं मला सांगू नगंस, आन् त्याच्यावर गोष्ट तर लिहूच नगंस. लोक हसतील.

पुढल्या आठवड्यात माझ्या डाव्या डोळ्याचं आपरेशन हाय, मोतीबिंदूचं. तुझी पत्रं राजनंदिनी वाचून दावंल. पोरगी गुणाची हाय, पर वाचताना पळती.

तू मला इचारलंस, ह्येचं लई बरं वाटलं बघ. ह्या घरात मला भाजीत मीठ किती घालू, ह्याच्यापल्याड कुणी काय इचारत न्हाय.

तुझी आत्या,
कुशाबाई


बारामती,
४ जुलै

तीर्थरूप आत्या,

डोळा चोळू नकोस, आणि चुलीपुढं बसू नकोस. राजनंदिनी वहिनी, तुम्हालाही नमस्कार. हे पत्र आधी वाचा आणि सावकाश वाचा. सोबत पिन मारलेले कागद आहेत ते नंतर.

आत्या, वाघ आत घेतला. पहिल्याच ओळीत. कॅनॉलकाठच्या जांभळाचं मी एक पानभर वर्णन केलं होतं. मला ते इतकं आवडायचं की बसमध्ये पाठ म्हणायची. तू म्हणालीस तसं ते काढलं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी वाचलं तर त्या जांभळाशिवाय गोष्टीचं काहीच अडत नव्हतं, उलट ती धावत सुटली होती. खोडण्यातही सुख असतं हे मला माहीतच नव्हतं. भूत मात्र घातलं नाही, माफ कर.

आता मुद्द्याचं. तू नको म्हणालीस तीच गोष्ट मी लिहिलीय. दुसरी लिहायला बसले की हात हलेना, आणि ही मात्र आपोआप येत राहिली. एक भाऊ, एक बहीण, लग्नाच्या आवतनावरून धरलेला अबोला. भाऊ मरतो आणि त्याची मुलगी आत्याला पत्रानं कळवते. सगळी गोष्ट म्हणजे तेच पत्र. बहीण शेवटपर्यंत येत नाही. गोष्ट आहे ही, आत्या. तात्या ठणठणीत आहेत, कालच गवारीची पोती टेंपोत चढवत होते.

पण खरं सांगू? लिहिताना मी घाबरले. तुमच्या दोघांचं खरंच असं झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं? तुम्हाला सांगायची माझी छाती नाही, म्हणून गोष्टीत सांगितलं. संपादक बाईंनाही एक प्रत पाठवलीय, पण तू नको म्हणालीस तर परत मागवीन. रागावून पत्रं मात्र बंद करू नकोस. हूं म्हणणारी मला तू एकटीच आहेस. तू गेलीस तर मी लिहायचं कुणासाठी?

तुझी,
स्वरूपा


काटेवाडी,
९ जुलै

चि. स्वरूपास,

वर गावाचं नाव बघ. पुन्यांदा बघ. काटेवाडीच लिवलंय, आन् एका डोळ्यानं लिवलंय.

आज सकाळी तुझं पाकीट आलं. राजनंदिनीनं फोडलं आन् जे जाड हुतं तेच पयलं काढलं. वाचायला लागली, ‘आत्या, तात्या गेले. तुला फोन करावा तर तू घेत नाहीस, म्हणून पत्र लिहिते.’ बास. पुढचं म्या ऐकलंच न्हाय. ती वाचत हुती का थांबली ते बी मला ठाव न्हाय. मी उठून उभी ऱ्हायले.

राजनंदिनी म्हणली, थांबा, फोन लावती. तुझा वाजून वाजून बंद झाला. दत्तूचा बी कुणी उचलंना. आमी काय समजायचं ते समजलो. अजित माझा ल्योक शेतावरनं पळत आला, गाडी काढली. भावकीतल्या बायका आपल्या आपणच गाडीत बसल्या, डोक्यावर पदर घिऊन. इंदापूर कवा मागं पडलं कळलं न्हाय. वाटंनं म्या एकच म्हणत हुते, ‘दत्तू, त्यो मोबाइलवरचा फोटू म्या घ्यायला पायजे हुता रं. दारात आला न्हाईस तर म्या यायला पायजे हुतं.’ चार वर्सांचा राग, पोरी, इंदापूर येस्तवर संपला. पर मला वाटलं, आता त्याचा काय उपेग?

दारात उतरले आन् हंबरडा फोडला. सरूवयनी, तुझी आई, भाकरी थापत हुती. पिठाच्या हातानं भाईर आली. आमच्या बायका रडत्यात बघून तिला वाटलं आमच्याकडचंच कोण तरी गेलं. तिनं माझ्या गळ्यात पडून असा टाहो फोडला की बास. आमी दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडतोय, मी म्हणती ‘कसं गं झालं,’ ती म्हणती ‘कवा गं झालं,’ आन् कोण गेलं ते कुणीच कुणाला इचारंना! कपाळाला कुंकू हाय वयनीच्या, ते बी मला एका डोळ्यानं दिसंना.

तेवढ्यात गोठ्याकडनं आवाज आला, ‘कोण गेलं गं?’

बघती तर दत्तू. हातात शेणाची पाटी.

माझ्या तोंडातनं निघालं, ‘तूच गेलास की रं!’

त्यानं पाटी खाली ठिवली. माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, बायकांकडं बघितलं. म्हणला, ‘आक्का, तू आलीस?’ ती शेणाची बोटं तशीच माझ्या हाताला धरली आन् लहान पोरागत रडला. म्हणला, ‘लग्नाच्या घाईत पाय निघाला न्हाय. मागनं यायचं तर कंच्या तोंडानं येऊ?’ तुझं खरं पत्र तवर राजनंदिनीला पाकिटात घावलं. तिनं समद्यांच्या मधी उभं ऱ्हाऊन मोठ्यानं वाचलं, आन् सावकाश. मंग जी हसायला लागली ती, भावकीतल्या बायका सुदीक. आल्या हुत्या रडायला, आन् पिठलं-भाकरी खाऊन चालल्यात.

तू माझ्या रागाला भ्यायलीस. येडे, तुझ्यावर कशी रागावू? म्याच सांगितलं हुतं न्हाय का, ऐकणारं माणूस उठून उभं ऱ्हायलं पायजे म्हणून? तुझ्या गोष्टीनं मला माझा भाऊ दिला. तुझं पांग कसं फेडू, मला कळत न्हाय.

पर एक नड हाय. दत्तू आता फुगलाय. गावभर झालंय. येणारा जाणारा म्हणतोय, ‘काय दत्तोबा, कवा उठलासा?’ त्यो म्हणतो, ही गोष्ट छापायची न्हाय.

तुझी ड्यूटी सुटस्तवर मला थांबता येत न्हाय, डोळ्याचं औषध बावड्यात ऱ्हायलंय. म्हणून पत्र वयनीकडं ठिवती. संध्याकाळी येऊन घे.

तुझी आत्या


बारामती,
१३ जुलै

तीर्थरूप आत्या,

त्या दिवशी कंपनी सुटल्यावर लॉकरमधून मोबाइल काढला तर वहिनींचे आणि आईचे फोनच फोन. तशीच काटेवाडी गाठली. आईनं काही न सांगता तुझं पत्र हातात दिलं. चुलीपाशी बसून वाचलं. ‘तूच गेलास की रं’ला अशी हसले की आई धावत आली. ‘आक्का, तू आलीस?’ वाचलं आणि पुढची अक्षरं दिसेनात. आई बिचारी, हसू का रडू तिला कळेना, ती नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली.

तात्या माझ्याशी बोलत नाहीत. ताटावर बसले तरी भिंतीकडं तोंड. शेवटी आईला म्हणाले, ‘पोरीला सांग, जिवंतपणी बापाला मारलंस ते मारलंस, पण दिवाळीला सगळ्या महाराष्ट्रात मारू नकोस.’

आणि परवा संपादक बाईंचा फोन आला. म्हणाल्या, ‘पहिलं वाक्य वाचलं आणि उभी होते ती खुर्चीत बसले. गोष्ट घेतेय, एक शब्द बदलू नका.’ आत्या, हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते तुला माहीत आहे. आणि ऐकलं तेव्हा डोळ्यांपुढं तात्यांचं भिंतीकडं वळलेलं तोंड आलं.

मग मी काय केलं, गोष्टीतल्या भावाला जगवून बघितलं. जे घडलं तेच लिहून काढलं. तुमची गाडी, आई, शेणाची पाटी. वाचलं तर खोटं वाटलं! खरोखर घडलेलं कागदावर खोटं वाटतं आणि मनानं रचलेलं खरं वाटतं, ह्या कलेपुढं मी हात टेकले. ते कागद फाडले नाहीत, पण ती गोष्ट नाही, आपल्या घरातली मजा आहे.

म्हणून ठरवलंय, गोष्ट परत मागवते. महिनाअखेर बाईंना शेवटचं कळवायचंय. तात्यांपेक्षा माझी गोष्ट मोठी नाही. तू काटेवाडीच्या दारात उतरलीस, एवढ्यानंच तिचं काम झालं. जीव तुटतो, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण तक्रार नाही. तू लिंबाखाली तोंड मिटून बसली नसतीस तर मला गोष्टीची एवढी भूकच लागली नसती. माझ्याकडं जे आहे ते तूच दिलेलं आहे.

तुझी,
स्वरूपा


काटेवाडी,
३० जुलै

चि. स्वरूपास,

पुन्यांदा काटेवाडीच. आता दोन्ही डोळ्यांनी लिवती, अक्षर बघ कसं सरळ आलंय.

पंचमीच्या आदल्या दिवशी आमच्या दारात कोण यावं? दत्तू. एकटा, यष्टीनं, धुतलेलं धोतर नेसून. माझ्या लग्नानंतर पयल्या पंचमीला त्यो मुराळी म्हणून मला न्यायला आला हुता, तवा बी असाच उंबऱ्याच्या भाईर उभा ऱ्हायला हुता. म्हणलं, आत ये की. तर म्हणला, ‘आधी आवतान घे.’ पिशवीत हात घातला आन् काय काढावं? तुझ्या लग्नाची पत्रिका! चार वर्सं झाली लग्नाला, कोपरे पिवळे पडल्यात, आन् ह्यो गडी वर हळदकुंकवाचं बोट लावून, अक्षता ठिवून मला देतोय. म्हणला, ‘आक्का, सरूपाच्या लग्नाला यायचं बरं का. समद्यांनी यायचं.’

राजनंदिनी आत पळाली, हसू फुटलं म्हणून. मला न्हाय हसू फुटलं. म्या पदर पसरला आन् पत्रिका घेतली. त्या अक्षता गाठीला बांधून ठिवल्यात, तू घरी येशील तवा तुझ्या डोक्यावर टाकीन. संदेशरावांना बी आण. अर्ध्या त्यांच्या हायेत.

मंग त्याच्यासंगं हितं आले. काल पंचमीची पुरणाची दिंडं खाऊन आमी दोघं कॅनॉलवर गेलो. म्हशी न्हाईत आता, नुसतंच गेलो. म्या पिशवीतनं तुझी गोष्ट काढली. दत्तू उठाय लागला. म्हणला, ‘खोटं हाय समदं. माझं मरान मला ऐकायचं न्हाय.’ म्या म्हणलं, ‘बस गप. आन् हूं दे, न्हायतर वाचत न्हाय.’

पयली ओळ वाचली आन् थांबले. त्यो पान्याकडं बघत हुता. मंग हळूच म्हणला, ‘हूं.’

पोरी, काय सांगू. त्यो हूं ऐकून मला गलबलून आलं. कवाचा ऱ्हायला हुता त्यो. मंग मी वाचत गेले आन् त्यो हूं देत गेला. भन येत न्हाय, तिथवर आलो, आन् हूं थांबला. बघितलं तर गमजानं डोळं पुसत हुता. म्या म्हणलं, ‘सरूपा म्हणती गोष्ट परत घिती. न्हायतर भावाला जिता करती.’

तर दत्तू काय म्हणला, ते जसंच्या तसं लिवती. म्हणला, ‘जिता नगं करू म्हणावं. जिता केला तर वाचणारे म्हणतील, झालं बरं, आन् आपल्या घरी गप बसतील. मेला तर एखादा तरी चप्पल घालून भनीकडं जाईल. मरू दे त्याला. म्या हाय की हितं.’

तवा गोष्ट परत मागवू नगंस. ह्ये पत्र दत्तू आजच तुझ्या हातात आणून दील, लगीच बाईला कळव. आन् अंक आला की पयला मुराळ्याला दे. गावात आता त्योच सांगत फिरतोय, ‘माझ्या लेकीच्या गोष्टीत म्या मेलोय.’

शेवटची ओळ वाचून म्या कागद मिटला. त्यो म्हणला, ‘पुढं?’

म्या म्हणलं, ‘संपली.’

संपल्यावर हूं द्यायचा नसतो. लहानपणापासनं ठाव हाय त्याला. तरी म्हणला, ‘हूं.’

तुझी आत्या,
कुशाबाई